दादा मैदानात आला की

दादाला अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये घेतलं, ही बातमी आली तेव्हा मी भांडी विसळत होते. फोन बाबांनी घेतला होता. परदेशातून फोन आला की ओरडूनच बोलायचं अशी त्यांची समजूत, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. फोन ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "पोरगा टीममधी लागला." रेल्वेत लागला म्हणावं, त्या सुरात.

आई म्हणाली, "मंग शिक्षणाचं काय?"

"शिक्षण आहेच ना. दोन्ही आहे."

मी नळ मोठा सोडला. अशा वेळी लोक मन खट्टू झालं वगैरे लिहितात. माझं मन खट्टू बिट्टू काही झालं नाही. मी जळले. चांगली आतून, पोटापासून जळले. आणि ती आग पुढे सगळा सीझन धुमसत राहिली.

तेव्हा आम्ही बहरीनमध्ये, हमद टाउनला राहायचो, कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये. बाबा मआमीरच्या बाजूच्या एका कारखान्यात फिटर होते, ब्रेकडाऊन मेंटेनन्सला. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असताना बाबांची कोणाला आठवण व्हायची नाही. काही बंद पडलं की घरचा फोन वाजायचा, खाली व्हॅन येऊन उभी राहायची आणि बाबा अर्धी भाकर ताटात ठेवून निघायचे. दादा आदल्या वर्षी अमेरिकेला गेला होता. आमची ऐपत एकालाच पाठवण्याची होती. तो एक कोण, यावर घरात कधी चर्चा झाली नाही. मी बारावीला होते आणि पुढे नागपूरला आत्याकडे राहून बीएस्सी करणार होते. यावरही चर्चा झाली नव्हती. नागपूरला मी नको म्हणाले नसते. मला कोणी विचारलं असतं, तर मी हसत हो म्हणाले असते.

मला हवं होतं ते वेगळंच होतं. दादाने काही केलं की बाबा मान किंचित तिरकी करून त्याच्याकडे बघायचे. नुकतंच दुरुस्त केलेलं मशीन पुन्हा चालू झालं की ते बहुतेक तसंच बघत असतील. एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्याकडे तसं बघावं, एवढीच माझी इच्छा होती. माझे मार्क दादापेक्षा जास्त असायचे. ते बघून बाबा म्हणायचे, "चांगलं आहे," आणि पेपर उचलायचे.

या फुटबॉलचं मूळ आमच्या बिल्डिंगमागच्या वाळूच्या मैदानात होतं, म्हणून जास्तच लागलं. बाबा नाइट शिफ्ट करून सकाळी यायचे आणि आई आम्हाला बाहेर काढायची, "त्यांना झोपू द्या, खाली जा." सुट्टीच्या दिवशी मग आम्ही दोघं मागच्या मोकळ्या प्लॉटवर. रंगाचे दोन रिकामे डबे म्हणजे गोल. दादा बॉल मारायचा आणि मी आणायचे. हा खेळ आम्ही वर्षानुवर्षं खेळलो. माझी पाळी कधी येते असं मी सुरुवातीला विचारत असे. "आण आधी," तो म्हणायचा.

त्याचा नेम यथातथाच होता. बॉल डब्यांच्या बाजूने निघून थेट रस्त्याच्या कडेपर्यंत जायचा. तिथून चटके सोसत बॉल घेऊन परत चालत यायचं म्हणजे जिवावर यायचं. म्हणून मी एक युक्ती काढली. बॉल दोन्ही हातांत धरायचा, दोन पावलं टाकायची, डाव्या पायावर एक बारीकशी उडी घ्यायची आणि बॉल हातातून सोडून तो खाली पडायच्या आत उजव्या पायाने हाणायचा. बॉल उंच जायचा, खूप उंच, आणि दादाच्या पुढ्यात येऊन पडायचा. मी रस्त्याच्या कडेलाच उभी राहायचे. चालणं वाचायचं.

दादा त्या उडीला हसायचा. "चिमणीसारखी काय उडतेस," म्हणायचा. मग त्याने स्वतः मारून पाहिलं, आणि त्याला जमेना. बॉल त्याच्या पायाला लागून भलतीकडेच जायचा. बरेच दिवस सराव केल्यावर कुठे जमलं, ते चिमणीची उडी घेतल्यावरच. तरी माझ्याइतकं लांब जायचं नाही. हे त्याने कधी कबूल केलं नाही आणि मी कधी वाद घातला नाही, कारण लांब मारलं काय नि जवळ मारलं काय, बॉल मलाच आणायचा होता.

तर अमेरिकेत काय झालं, की दादा कॉलेजच्या मैदानावर पोरांबरोबर आपला साधा फुटबॉल खेळत होता. बॉल बाहेर गेला. त्याने तो हातात घेऊन लांबून परत मारला. शेजारच्या मैदानावर तिकडच्या फुटबॉलचा कोच उभा होता. त्या खेळाचा चेंडू वेगळा, दोन टोकांचा, आणि बहुतेक वेळ हातात घेऊनच पळायचं. पण हातातून सोडून लांब लाथ मारणारा एक माणूस त्यांनाही लागतो. त्यांचा तो माणूस कॉलेज सोडून गेला होता. कोचने दादाला बोलावलं आणि त्यांचा चेंडू हातात दिला. दादाने फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. किक कुठे शिकला असं कोचने विचारल्यावर तो म्हणाला, "बहरीनमध्ये, घरामागे." कोणाकडून शिकला, ते सांगायला फोनवर वेळ नसावा.

मग कॅसेटी येऊ लागल्या. टीममधल्या एका मुलाचे वडील दर मॅचला व्हिडिओ कॅमेरा घेऊन जायचे. त्यांच्याकडून दादा कॉपी करून घ्यायचा आणि पोस्टाने पाठवायचा. बाहेरून आलेली कॅसेट आमच्या हातात पडण्याआधी एका सरकारी ऑफिसात जायची. तिथे कोणीतरी ती बघून त्यात काही वावगं नाही ना याची खात्री करायचं. त्या माणसाची मला कीव यायची. त्याला काहीही संबंध नसताना माझ्या भावाची मॅच बघावी लागत होती.

पहिली कॅसेट आमच्या व्हीसीआरमध्ये घातली तर नुसते काळेपांढरे पट्टे धावायला लागले. अमेरिकेची कॅसेट आपल्या मशीनवर चालत नाही, तिला मल्टिसिस्टिम लागतं, हे तेव्हा कळलं. मल्टिसिस्टिम खालच्या मजल्यावरच्या काकांकडे होतं. काका पुण्याचे, एका बँकेत अकाउंटंट. दोन वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून आमचं त्यांच्याशी नातं जिन्यापुरतं होतं. जिन्यात भेटले की "काय म्हणताय?" आणि थांबून उत्तर ऐकायचं नाही. आमच्या हॉलमध्ये दारासमोरच बाबासाहेबांचा मोठा फोटो होता. काका एकदा दारापर्यंत आले, फोटोकडे बघून "वा, वा" म्हणाले आणि तिथूनच परतले होते. आता बाबा कॅसेट हातात घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले आणि काकांनी त्यांना आत घेतलं, सोफ्यावर बसवलं. "तुमचे चिरंजीव? अमेरिकेत? टीव्हीवर?" म्हणत काकूंना चहा टाकायला सांगितला.

त्या दिवसापासून कॅसेट आली की शुक्रवारी, सुट्टीच्या संध्याकाळी, आम्ही सगळे काकांकडे. काकू बटाटेवडे करायच्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या सोफ्यावर बसायचे, आणि रिमोट काकांच्या हातात. तो खेळ कोणालाच कळत नव्हता. हेल्मेट घातलेले गडी एकमेकांवर जाऊन आदळायचे, ढीग व्हायचा, शिट्टी वाजायची, पुन्हा तेच. तेव्हा काकांनी सोपी पद्धत काढली. कॅसेट पुढे पळवायची आणि दादा मैदानात आला की थांबवायची. दादाचा नंबर सगळ्यांना पाठ होता. "आला, आला, आला," काका म्हणायचे, दादा दोन पावलं टाकून बारीकशी उडी घ्यायचा, चेंडू आभाळात जायचा आणि हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. मग पुन्हा कॅसेट पुढे. बाबांची मान तिरकी झालेली असायची.

ती उडी पहिल्यांदा पडद्यावर बघितली तेव्हा माझ्या हातातला वडा तसाच राहिला. माझी उडी. डावा पाय, तसाच खांदा झुकलेला. अमेरिकेतल्या लोकांसमोर, पांढरी पट्टी मारलेल्या हिरव्यागार गवतावर, दादा माझी किक मारत होता आणि त्यावर टाळ्या घेत होता. मी कोणाला काही बोलले नाही. बोलून काय झालं असतं? "हो का गं," म्हणून काकूंनी मला आणखी एक वडा वाढला असता.

पण मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. शाळेतून आल्यावर दुपारी मी काकूंकडे जायचे. "दादाला बघू का जरा?" काकूंना त्यात बहिणीची माया दिसायची. त्या दार उघडून आत जाऊन झोपायच्या, आणि मी ती कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही पुढे न पळवता बघायचे. मला दादाची चूक हवी होती. एखादी वाकडी गेलेली किक, एखादा कोच ओरडताना. ती शोधता शोधता मला तो खेळ कळायला लागला, आणि मला जे हवं होतं त्याहून चांगलं काहीतरी सापडलं.

चेंडू ज्यांच्याकडे, त्या टीमला चार संधी मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले तर पुन्हा नव्या चार. पण तीन संधी वाया गेल्या, की चौथीला धोका न पत्करता चेंडू लाथेने लांब घालवून समोरच्यांच्या हवाली करायचा. त्या कामासाठी ठेवलेला माणूस म्हणजे दादा. म्हणजे दादाच्या टीमचं काही जमेनासं झालं, की दादा मैदानात. शंका राहू नये म्हणून कॅमेरावाल्या वडिलांचा आवाज ऐकला. दादा आत आला की ते दर वेळी मोठा सुस्कारा सोडायचे आणि पडद्यावरचं चित्र जरा खाली झुकायचं. काकांच्या हॉलमध्ये त्याच क्षणी टाळ्या पडायच्या.

मला इतका आनंद झाला होता की मी घरी येऊन न सांगता पोळ्या लाटल्या.

लगेच कोणाला सांगितलं मात्र नाही. वाट बघितली. पुढची कॅसेट आली त्यात दादाच्या टीमची धूळधाण उडाली होती. दादा सारखा आत येत होता. काकांना आवरेना. "पुन्हा आले चिरंजीव! अहो, आज तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही." आठव्यांदा आला तेव्हा बाबा उठून घरी गेले आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. मनामाच्या बाजारातून आणून ठेवला होता. दादाला कधी नव्हे ते एवढं खेळायला मिळालं म्हणून हॉलमध्ये पेढे फिरले. माझ्यापुढे बॉक्स आला तेव्हा मी हात पुढे केला नाही.

"दादा येतो तेव्हा त्यांची टीम हरत असते," मी म्हणाले.

काका हसले. "असं कसं? चांगला खेळाडू म्हणून तर बोलावतात."

मी रिमोट मागितला. कॅसेट मागे नेली आणि पहिली संधी, दुसरी, तिसरी असं बोट ठेवून दाखवलं. मग दादा. पुन्हा मागे. पहिली, दुसरी, तिसरी, दादा. स्कोअरबोर्ड दाखवला, तो इतके दिवस कोणी पाहिलाच नव्हता. सुस्कारा ऐकवला. काकूंनी पेढा खाता खाता थांबून काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला. आई माझ्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं.

बाबा मात्र पुढे सरकून बसले. "थांब थांब. म्हणजे सगळं बंद पडलं का मंग याले बोलावते?"

"हो."

"रोज चालू असते तवा कोणी विचारत नाही?"

"नाही."

बाबा जोरात हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. काकांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "साहेब, मंग तं माहंच काम करून राह्यला ना पोट्टा! ब्रेकडाऊन!" आणि पेढ्यांचा बॉक्स पुन्हा एकदा फिरवला.

मी त्याला खाली ओढायला गेले होते आणि तो आणखी वर जाऊन बसला. त्या रात्री जेवले नाही. आईने कारण विचारलं नाही, आणि मला त्याचाही राग आला.

काकांचा उत्साह मात्र ओसरला. हरणाऱ्या टीमच्या पोराला वडे कोण करणार? पुढच्या दोन कॅसेटी आल्या तेव्हा त्यांना ऑफिसचं काम होतं. मग ते सगळे लीव्हवर पुण्याला गेले. तुळशीला पाणी घालायला चावी मात्र आमच्याकडे ठेवून गेले, आणि जाताना बाबांना म्हणाले, "व्हीसीआर लावत जा हो, तुमचंच घर आहे." एवढं तरी त्या सीझनने केलं.

शेवटच्या मॅचची कॅसेट आली तेव्हा सीझन संपून कितीतरी दिवस झाले होते. शुक्रवारची सकाळ होती. आई बुद्धवंदनेसाठी जमणाऱ्या बायकांकडे गेली होती. बाबा चावी घेऊन माझ्या खोलीच्या दारात आले.

"चाल. मले काही समजत नाही त्यातलं. तू सांग."

मी पुस्तक मिटलं. आम्ही दोघं काकांच्या हॉलमध्ये बसलो. पडदे ओढलेले, सोफ्यांवर चादरी. कॅसेट पुढे पळवू नको, असं बाबाच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला विचारत होते आणि मी सांगत होते. "आता काय?" "आता दुसरी संधी. चार यार्ड झाले, सहा राहिले." "तो पडला ना?" "पडला तरी चालतं, पुढे पडला." "होय का?" थोड्या वेळाने त्यांचं त्यांनाच कळायला लागलं, तरी ते विचारत राहिले. मी तेव्हा किती खूश होते ते आता लिहायलाही संकोच वाटतो. दादाची टीम जिंकत होती, त्यामुळे दादा कुठेच नव्हता. बाबांनी त्याच्याबद्दल विचारलंही नाही. सकाळ माझी होती.

मॅच संपत आली तेव्हा एकदाच त्यांचं अडलं. पहिली, दुसरी, तिसरी. दादा धावत आत आला. दोन पावलं, डाव्या पायावर उडी, आणि चेंडू असा उंच गेला की कॅमेरावाल्याला सापडेना.

बाबा म्हणाले, "हे किक तं तुही होय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची मान तिरकी होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

"तुम्हाला कसं माहीत?"

"गॅलरीतून पाहत होतो ना. नाइट करून आल्यावर दिवसा कुठं झोप लागते? तू अशीच उडी मारे. त्याच्याहून लय दूर मारत होती तू. त्याले तं जमतच नोहतं."

मी कॅसेट थांबवली. पडद्यावर मधोमध एक पांढरा पट्टा थरथरत राहिला आणि चेंडू वर आभाळात अडकून बसला. इतकी वर्षं मी धरून चालले होते, की बाबा झोपलेले असायचे. त्यांनी पाहिलंच नाही, मग त्यांचा काय दोष, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. ती माझ्या फार उपयोगी पडत होती.

"मग कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तिलाही एकदा मारू दे, असं त्याला का नाही सांगितलं?"

त्यांनी प्रश्नाचा खरोखर विचार केला. त्यांना कसलाही राग नव्हता, आणि मला दुखवायचं तर मुळीच नव्हतं.

"तू खेळत बसली असती," ते म्हणाले, "तं त्याले बॉल कोण आणून देल्ला असता?"

मग पडद्याकडे हात करून म्हणाले, "लाव ना पुढं."

मी लावलं. चेंडू खाली आला, समोरच्या टीममधल्या एका पोराने तो झेलला आणि तो घेऊन पळत सुटला.